दुकानात एआय आणताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न दुकानमालक, खरेदी पाहणारे आणि शाखा सांभाळणारे लोक विचारतात. एआय विकायला येणारे यातले निम्मे प्रश्न हसून टोलवतात. म्हणून त्या निम्म्यांना इथे जास्त जागा दिली आहे.

दुकानासाठी एआय म्हणजे नेमकं काय?

सध्या दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव पडलं आहे. पहिली गोष्ट म्हणजे जुन्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधणं: कोणता माल किती खपेल, कशाचा उठाव मंदावतोय, या ग्राहकाला आणखी काय लागेल. ही काही कालची नाही. ‘हे घेणाऱ्यांनी तेही घेतलं’ छापाच्या शिफारशी ॲमेझॉनने १९९८ मध्येच सुरू केल्या होत्या. दुसरी गोष्ट म्हणजे भाषा आणि चित्रं हाताळणं: मालाची वर्णनं लिहिणं, ग्राहकाच्या प्रश्नाला उत्तर देणं, फोटोवरून वस्तू ओळखणं. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून जिकडेतिकडे हिचीच चर्चा असते.

दुकानाचा पैसा मात्र अडकतो मालात. त्यामुळे तो सुटायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या प्रकारानेच सुटतो. दुसरा प्रकार कामाचा आहे, पण त्याने सहसा वेळ वाचतो. गल्ल्यात लगेच फरक पडत नाही.

सुरुवात कुठून करावी?

जो निर्णय तुम्ही रोज किंवा दर आठवड्याला घेता, ज्याचा निकाल थोड्या दिवसांत कळतो आणि जो चुकला तरी दुकान बुडत नाही, असा एकच निर्णय निवडा. बहुतेक ठिकाणी तो निर्णय असतो ‘या मालाची पुढची ऑर्डर किती नगांची द्यायची?’ मुदत संपत आलेल्या मालावर कधी आणि किती सूट द्यायची, हाही चांगला निर्णय आहे.

‘आपल्याला एआय हवंय’ हे वाक्य बैठकीत कुणी उच्चारलं की मी विचारतो, कोणता निर्णय आज चुकतोय? उत्तर आलं नाही तर चहा पिऊन उठतो.

आमच्याकडे पाच वर्षांची बिलं आहेत. इतका डेटा पुरेल ना?

बिलं पुरतील. साठ्याच्या नोंदीचं काय? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हा इथला सगळ्यात मोठा अडसर आहे आणि त्याबद्दल बोललं जातं सगळ्यात कमी.

निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन यांचा एक अभ्यास २००८ मध्ये ‘मॅनेजमेंट सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यांनी ३७ दुकानांतल्या साठ्याच्या जवळपास ३,७०,००० नोंदी प्रत्यक्ष मालाशी ताडून पाहिल्या. ६५ टक्के नोंदी जुळल्या नाहीत. ही बिनसंगणकाची दुकानं नव्हती. बारकोड, संगणक, वार्षिक मोजणी, सगळं होतं.

नोंदी चुकतात कशा, ते गल्ल्याशेजारी तासभर उभं राहिलं की दिसतं. ग्राहकाने तीन वेगवेगळ्या वासांचे साबण आणले, किंमत एकच. मागे रांग लागली आहे. गल्ल्यावरची मुलगी एक साबण स्कॅन करते आणि ‘गुणिले ३’ दाबते. बिल बरोबर, पैसे बरोबर, ग्राहक खूश. साठा मात्र तीन ठिकाणी बिघडला: एका वासाचे दोन नग कमी दिसणार, उरलेल्या दोन वासांचा एकेक नग जास्त. शिवाय त्या एका वासाला अचानक मागणी वाढली असा अंदाज बांधणाऱ्या यंत्राचा समज होणार, तो वेगळाच. त्यात न नोंदवलेली फुटतूट, चोरी, भलत्याच कोडवर घेतलेला परत आलेला माल आणि पुरवठादाराच्या खोक्यात निघालेले दोन कमी नग यांची भर घाला.

एकदा मी एका दुकानात छत्र्यांच्या फळीसमोर उभा होतो. फळी रिकामी. हातातल्या यंत्रावर आकडा: शिल्लक ६. व्यवस्थापक म्हणाले, ‘आत असतील, बघतो.’ पाऊण तास शोधाशोध झाली. जिन्याखाली रेनकोटचं लेबल लावलेल्या खोक्यात चार निघाल्या. दोन सापडल्याच नाहीत. यंत्राच्या लेखी ते दुकान अकरा दिवस छत्र्या बाळगून होतं आणि अकरा दिवसांत एकाही गिऱ्हाइकाला छत्री नको होती. त्यामुळे त्याने छत्र्यांचा पुढचा अंदाज शून्याकडे नेला होता. बाहेर धो धो पाऊस.

या छत्र्यांमध्ये दोन दुखणी एकत्र आहेत. एक, कागदावर असलेला पण फळीवर नसलेला माल. तो ‘शिल्लक’ दिसत असल्यामुळे नवी ऑर्डर निघतच नाही. दुसरं, माल नसल्यामुळे न झालेली विक्री यंत्राला ‘मागणी नाही’ अशी दिसते. माणसाला हा फरक सहज कळतो. यंत्राला तो सांगावा लागतो.

मग साठ्याच्या नोंदी सुधारायच्या कशा? सगळं दुकान बंद ठेवून मोजायचं का?

नाही. वर्षातून एकदा रात्रभर जागून केलेली मोजणी महिनाभरात शिळी होते. त्यापेक्षा रोज थोडा माल मोजा, आणि तोही निवडून. ज्यांची शिल्लक दिसते पण नेहमीपेक्षा जास्त दिवस एकही नग विकला गेलेला नाही अशा वस्तू आधी. मग ज्यांची शिल्लक उणे दाखवतेय त्या. मग जिथे एक-दोन नगच उरल्याचं दिसतं त्या. ही यादी काढायला एआय लागत नाही, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधूनही ती निघते. मोजायला एका माणसाची सकाळची अर्धा-पाऊण तासाची फेरी पुरते.

दुसरं, ज्या दिवशी माल फळीवर नव्हता त्या दिवसावर खूण करून ठेवा. अंदाज बांधताना तो दिवस शून्य विक्रीचा म्हणून धरायचा नाही.

तिसरं, ‘गुणिले ३’ची सवय मोडायची तर गल्ल्यावरच्या माणसाचा वेग मोजणं आधी थांबवा. मिनिटाला किती वस्तू स्कॅन केल्या यावर शाबासकी देता आणि नोंदीही चोख मागता, हे दोन्ही एकदम जमणार नाही.

किती वर्षांची माहिती लागते?

हंगामी माल असेल तर निदान दोन वर्षांची. तेवढी असली तरच ‘दरवर्षी या सुमारास मागणी वाढते’ हे यंत्राला ओळखता येतं. एकाच वर्षाच्या माहितीत हंगाम कोणता आणि योगायोग कोणता, हे सांगता येत नाही. अगदी नव्या वस्तूसाठी तिच्यासारख्या जुन्या वस्तूचा आधार घ्यावा लागतो. ती जुनी वस्तू निवडण्यात तुमचा खरेदीचा माणूस यंत्रापेक्षा बहुतेक वेळा सरस ठरतो.

विक्रेता म्हणतो, आमचा अंदाज ९५ टक्के अचूक असतो. विश्वास ठेवावा का?

आधी विचारा, कशाचा अंदाज? सगळ्या दुकानांची मिळून महिन्याची विक्री सांगणं सोपं असतं, चुका एकमेकींना खाऊन टाकतात. एका दुकानातली एक वस्तू उद्या किती खपेल हे सांगणं कठीण. आठवड्यातून एखादाच नग विकला जाणारी वस्तू घ्या. रोज ‘शून्य’ असं सांगत बसलं तरी सातपैकी सहा दिवस अंदाज खरा ठरतो. जवळपास ८६ टक्के अचूक, आणि दुकानाला उपयोग काडीचा नाही.

या बाबतीत एक स्पर्धा प्रत्येक दुकानदाराला माहीत असावी. २०२० मध्ये ‘एम५’ नावाची अंदाजांची स्पर्धा कॅगल या संकेतस्थळावर झाली. वॉलमार्टने अमेरिकेतल्या तीन राज्यांतल्या १० दुकानांतल्या ३,०४९ वस्तूंच्या रोजच्या विक्रीचे आकडे त्यासाठी दिले होते. ५,५०७ संघ उतरले. तुलनेला आयोजकांनी एक जुनं, सोपं सूत्र ठेवलं होतं. अलीकडच्या विक्रीला जास्त वजन आणि जुन्या विक्रीला कमी वजन देऊन सरासरी काढायची, त्या घराण्यातलं. या सूत्राला मागे टाकणारे संघ होते फक्त ४१५.

दुसरी बाजूही सांगायला हवी. पहिला आलेला संघ त्या सूत्रापेक्षा सुमारे २२ टक्के सरस ठरला. वरच्या संघांनी वापरलेलं मुख्य साधन, लाइटजीबीएम नावाचं सॉफ्टवेअर, कुणालाही फुकट मिळतं. मात्र एकेका दुकानातल्या एकेका वस्तूपाशी आलं की ही आघाडी बरीच आकसली. म्हणजे यंत्राला जमतं, पण कुणाच्याही यंत्राला आपोआप जमत नाही. आणि ऑर्डर तर नेमकी त्या खालच्या पातळीवरच द्यायची असते.

म्हणून विक्रेत्याला सांगा: आमचे आतापर्यंतचे आकडे घ्या, शेवटचे तीन महिने झाकून ठेवा, त्यांचा अंदाज काढा. शेजारी ‘गेल्या चार आठवड्यांची सरासरी’ हा अंदाजही मांडा. मग दोन्ही खऱ्या विक्रीशी ताडून पाहू. जो याला तयार होत नाही त्याच्याशी पुढचं बोलणं नको.

अंदाज चांगला असूनही माल पडून राहतो किंवा संपतो. असं का?

कारण अंदाज आणि ऑर्डर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बरीच दुकानं अंदाजावर पैसे खर्च करतात आणि ऑर्डरचं गणित तसंच जुनं ठेवतात.

समजा अंदाज आला ४० नगांचा. तो मधला आकडा आहे, प्रत्यक्षात ३० खपतील किंवा ५०ही. एक नग विकल्यावर नफा ३ भाग आणि न विकल्यास नुकसान १ भाग असेल, तर नफ्याला नफा-नुकसानाच्या बेरजेने भागा: ३ भागिले ४, म्हणजे ७५ टक्के. मागणी पूर्ण भागण्याची शक्यता ७५ टक्के राहील इतका माल मागवायचा. तो आकडा ४० च्या वर जाईल. उलट नफा १ आणि नुकसान ३ असेल, म्हणजे लवकर नासणारा किंवा फॅशन सरली की न विकणारा माल, तर २५ टक्के. तेव्हा ऑर्डर ४० च्या खाली. अंदाज तोच, ऑर्डर वेगळी.

त्यात पुरवठादार २४ नगांचं खोकं फोडून देत नसेल तर अंदाज ३१ आहे की ३४ यावर डोकं खपवण्यात अर्थ नाही, येणार दोन खोकीच. कधीकधी एआयपेक्षा पुरवठादाराशी खोक्याच्या आकाराबद्दल बोलणं जास्त फळतं. ते स्लाइडवर चमकत नाही, एवढंच.

शाखेतली माणसं यंत्राने सुचवलेले आकडे बदलतात. त्यांना थांबवावं का?

इथे माझी दोन्ही बाजूंनी फजिती झाली आहे.

एका ठिकाणी नवीन व्यवस्था बसवली तेव्हा माझ्याच सांगण्यावरून नियम झाला, की शाखेने सुचवलेल्या आकड्यात १० टक्क्यांपेक्षा जास्त बदल करायचा नाही. शिस्त हवी, अशी माझी समजूत. तिसऱ्या आठवड्यात एका शाखेसमोरचा रस्ता खोदकामासाठी बंद झाला. शाखेतल्या बाईंना हे चार दिवस आधीपासून माहीत होतं. त्यांनी आकडा निम्मा केला, यंत्राने तो नाकारला, माल पूर्ण आला आणि बराचसा फेकावा लागला. त्यांचा फोन आला तेव्हा त्या रागावलेल्याही नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, ‘तुम्ही विचारलंत तर सांगितलं असतं.’ उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मग मी दुसरं टोक गाठलं, हवे ते बदल करायची पूर्ण मोकळीक दिली. दोन महिन्यांत सगळ्या शाखा सगळे आकडे वाढवू लागल्या. कारण शोधायला दूर जावं लागलं नाही. माल संपला की वरून बोलणी बसत, माल नासला तर ते नुकसान भलत्याच खात्यात जाई आणि कुणी विचारत नसे. आकडा न वाढवणाराच खुळा ठरला असता.

रॉबर्ट फिल्ड्स, पॉल गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये चार कंपन्यांतले ६०,००० हून अधिक अंदाज तपासले होते. निष्कर्ष जवळपास असाच निघाला. माणसाने केलेले छोटे छोटे बदल बहुधा फुकट जातात किंवा नुकसान करतात, मोठे बदल जास्त उपयोगी पडतात, कारण त्यांच्यामागे खरी बातमी असते. आणि आकडा खाली आणणारे बदल वर नेणाऱ्या बदलांपेक्षा जास्त वेळा बरोबर ठरतात. वर नेताना माणसाच्या आशेची भर पडते.

आता मी असं करतो. बदल करायला मोकळीक, पण कारण निवडायचं: रस्ता बंद, जवळ कार्यक्रम, मोठं गिऱ्हाईक सांगून गेलं, नोंद चुकीची, इतर. महिन्याच्या शेवटी यंत्राचा आकडा, माणसाचा आकडा आणि खरी विक्री शेजारी शेजारी मांडून शाखेलाच दाखवायची. कुणाला रागवायचं नाही. माणसं स्वतःच सुधारतात. ‘नोंद चुकीची’ हे कारण वारंवार यायला लागलं की गाडी परत मोजणीपाशी येते.

नोकऱ्या जातील का? कर्मचाऱ्यांना काय सांगायचं?

खरं तेच सांगायचं. ऑर्डरचे आकडे वहीत मांडत बसण्याचं काम कमी होईल. तो वेळ कुठे जाणार हे तुम्ही आधी ठरवलं नसेल तर कर्मचारी त्याचा अर्थ ‘आपली गरज संपली’ असाच काढणार, आणि त्यांचं चुकत नाही. ज्या दुकानांत वाचलेला वेळ मोजणीकडे, फळ्या भरण्याकडे आणि गिऱ्हाइकाकडे वळवला गेला तिथे लोकांनी नवी पद्धत उचलून धरलेली मी पाहिली आहे. माणसं कमी करायचंच ठरलं असेल तर ते एआयच्या प्रशिक्षणाच्या कार्यक्रमात लपवू नका.

ग्राहकांना उत्तरं देणारा चॅटबॉट लावावा का?

दुकानाची वेळ, माल परत करण्याचे नियम, ऑर्डर कुठवर आली, एवढ्यासाठी जरूर लावा. पण तो बोलतो ते तुमचंच बोलणं असतं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीचा नियम चुकीचा सांगितला. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने भरपाई कंपनीलाच द्यायला लावली. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, हा बचाव तिथे टिकला नाही. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या एका मोटारविक्रेत्याच्या चॅटबॉटला गंमत म्हणून एकाने शब्दांत पकडलं आणि एक डॉलरला मोटार विकायला ‘हो’ म्हणायला लावलं.

यातून व्यवहाराचा नियम निघतो. किंमत, शिल्लक आणि परतीची मुदत या तीन गोष्टी चॅटबॉटने मनाने सांगायच्या नाहीत. त्या दर वेळी तुमच्या बिलिंगमधून वाचूनच सांगायच्या, आणि नाही सापडल्या तर ‘माणसाशी जोडून देतो’ म्हणायचं. सुरू करण्याआधी तुमच्या सगळ्यात खडूस सहकाऱ्याला दोन दिवस त्याच्याशी भांडायला बसवा.

चोरी पकडायला चेहरा ओळखणारे कॅमेरे घ्यावेत का?

माझं मत, नाही. अमेरिकेतल्या राइट एड या औषधदुकानांच्या साखळीने काही वर्षं असे कॅमेरे वापरले. यंत्राने निरपराध ग्राहकांकडे चोर म्हणून बोट दाखवलं, कर्मचारी त्यांच्या मागे मागे फिरले, काहींना सगळ्यांसमोर हटकलं गेलं. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या ग्राहकहित पाहणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला पाच वर्षं असं तंत्रज्ञान वापरायला मनाई केली. युरोपीय संघात चेहऱ्यासारखी शारीरिक ओळखीची माहिती विशेष संरक्षणात येते, आणि कामाच्या ठिकाणी माणसांच्या भावना यंत्राने ओळखण्यावर, काही अपवाद वगळता, फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे. तुमच्या देशातला कायदा काय म्हणतो ते वकिलाला विचाराच. पण कायदा परवानगी देत असला तरी, चोर ठरवलेल्या निरपराध गिऱ्हाइकाची माफी कोण मागणार आहे, हे आधी ठरवा.

रिकामी फळी दाखवणारा कॅमेरा ही वेगळी गोष्ट. त्याला माणसाकडे बघावं लागत नाही.

गल्ल्याशिवायचं दुकान, फळ्या तपासणारे रोबो, हे भविष्य नाही का?

असेलही. पण ज्यांच्याकडे पैशाची आणि इंजिनीअरांची वाण नाही त्यांनीही माघार घेतली आहे. ॲमेझॉन गोचं पहिलं दुकान सिॲटलमध्ये २२ जानेवारी २०१८ रोजी लोकांसाठी उघडलं. माल उचला आणि चालू पडा. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने अमेरिकेतल्या आपल्या ‘फ्रेश’ नावाच्या मोठ्या किराणा दुकानांतून ही पद्धत काढून माल ठेवायच्या, स्कॅनर बसवलेल्या ढकलगाड्यांवर भर द्यायचं ठरवलं. वॉलमार्टने सुमारे ५०० दुकानांत फळ्या तपासणारे रोबो आणले होते, नोव्हेंबर २०२० मध्ये ते बंद केले. तुम्ही दुसरे किंवा दहावे असलात तर काही बिघडत नाही.

किमती एआयने ठरवाव्यात का?

खाली आणण्यासाठी हो. मुदत संपत आलेल्या मालावर सूट कधी सुरू करायची, हे यंत्र माणसापेक्षा चांगलं ठरवतं, कारण माणूस सूट द्यायला उशीर करतो आणि मग एकदम निम्म्यावर येतो. वर नेण्यासाठी जपून. फेब्रुवारी २०२४ मध्ये वेंडीज या खाद्यसाखळीच्या प्रमुखांनी बदलत्या किमतींचा उल्लेख केला आणि गर्दीच्या वेळी भाव वाढणार अशी ओरड उठली. आमचा तसा हेतू नाही, असा खुलासा कंपनीला करावा लागला. त्या वेळी प्रत्यक्षात एकही भाव वाढला नव्हता.

शिफारशी आणि वैयक्तिक सवलतींनी विक्री वाढते का?

वाढते, पण दाखवली जाते तितकी नाही. जो ग्राहक तसाही येणारच होता त्याला कूपन पाठवलं, तो आला, आणि ती विक्री कूपनच्या नावावर जमा झाली. असं सर्रास होतं. उपाय सोपा आहे. यादीतल्या काही ग्राहकांना, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, काहीच पाठवू नका. दोन गटांच्या खरेदीतला फरक हाच तुमचा खरा फायदा.

जाता जाता: लहान मुलांचे डायपर आणि बिअर एकत्र विकली जातात हे संगणकाने शोधलं आणि दुकानाने दोन्ही शेजारी ठेवून विक्री वाढवली, ही गोष्ट तुम्हाला प्रत्येक सादरीकरणात ऐकवली जाईल. १९९२ च्या सुमारास ऑस्को ड्रग या साखळीच्या आकड्यांत तसा संबंध दिसला होता, हे खरं. फळ्या मात्र कुणी हलवल्या नव्हत्या.

स्वतः बनवावं की विकत घ्यावं?

विकत घ्या. फारच मोठी साखळी असेल तरच दुसरा विचार. पण करारात तीन गोष्टी पाहा. तुमचा सगळा डेटा, अंदाजांसकट, तुम्हाला उघडता येईल अशा फाइलमध्ये कधीही परत मिळेल का? तुमच्या डेटावर शिकलेलं यंत्र समोरच्या स्पर्धकाला विकलं जाणार का? आणि तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर बदललं तर जोडणीचा खर्च कोणाचा? तिसरा प्रश्न लोक विसरतात आणि तोच महागात पडतो.

आमचं एकच छोटं दुकान आहे. आम्हाला याचा काय उपयोग?

आधी तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये काय काय आहे ते बघा. किमान साठ्याची सूचना, न हलणाऱ्या मालाची यादी, मुदतीची आठवण या सोयी बऱ्याचदा असतात आणि कुणी सुरू केलेल्या नसतात. भाषेची साधनं पुरवठादाराला पत्र लिहायला, मालाची वर्णनं करायला, लांबलचक दरपत्रकाचं कोष्टक करायला आजच वापरता येतील. फक्त ग्राहकांची नावं आणि फोन नंबर त्यांत टाकू नका, आणि कोष्टकातले आकडे मूळ कागदाशी एकदा पडताळा.

चाचणी उत्तम झाली, सगळीकडे लावल्यावर फसलं. कुठे चुकलं?

चाचणीसाठी कोणतं दुकान निवडलं होतं? बहुतेक वेळा सगळ्यात चांगल्या व्यवस्थापकाचं. तिथे आधीच नोंदी चोख, माणसं उत्साही, शिवाय मुख्य कार्यालयातलं कुणीतरी रोज फोन करणारं. अशा दुकानात काहीही लावलं तरी यशस्वी होतं. चाचणीत एक बरं, एक साधारण आणि एक डोकेदुखी असलेलं दुकान घ्या. आणि प्रत्येकाला त्याच्यासारखंच एक दुकान जोडीला ठेवा, जिथे काहीच बदललेलं नाही. नाहीतर हंगाम चांगला गेला म्हणून वाढलेली विक्री एआयच्या खात्यावर जमा होते.

फायदा कोणत्या आकड्यांत शोधायचा?

तीन आकडे एकदम पाहा: फळी रिकामी असण्याचे दिवस, मालात अडकलेला पैसा आणि फेकलेला किंवा पडेल भावाने काढलेला माल. एकट्यादुकट्या आकड्यावर जाऊ नका. दुप्पट माल भरला की फळी कधीच रिकामी राहत नाही. त्याला एआय कशाला हवं?

परिस्थिती एकदम बदलली तर यंत्र काय करेल?

कालसारखाच आजचा दिवस असेल असं समजून चालत राहील. मार्च २०२० मध्ये बऱ्याच देशांत टॉयलेट पेपरच्या फळ्या रिकाम्या झाल्या आणि ऑफिसच्या कपड्यांना कुणी विचारेना. जुन्या आकड्यांवर शिकलेल्या यंत्रांना यातलं काहीच माहीत नव्हतं. नंतर तर त्या विचित्र महिन्यांनाच नेहमीची मागणी समजून पुढचे अंदाज बिघडले, आणि ते महिने हाताने वेगळे काढावे लागले.

म्हणून दोन गोष्टी आधीच लिहून ठेवा. अंदाज आणि विक्री यांतलं अंतर किती वाढलं की यंत्राची ऑर्डर थांबवायची, आणि ती थांबवण्याचा अधिकार कोणाचा. नाव लिहा, पद नको. सुट्टीच्या दिवशी तो अधिकार कोणाकडे, तेही लिहा. आणि वर्षातून एकदा, एखाद्या साध्या मंगळवारी, यंत्र बंद ठेवून शाखेला स्वतःच्या अंदाजाने ऑर्डर देऊ द्या. दुपारी फोन करून विचारा, किती वेळ लागला आणि कोणती यादी सापडली नाही.